चौदा माणसांचं दुकान आणि विसाचा आकडा

लातूरच्या एका व्यापारी बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गंजगोलाईजवळ डाळी-मसाल्यांचं ठोक दुकान, मागच्या बाजूला पॅकिंग. दुकानात सहा जण, पॅकिंगला पाच बायका, टेम्पोवर दोघं आणि एक मुनीम, अशी एकूण चौदा माणसं. "गुमास्त्याची मर्यादा दहावरून वीस झाली, आता आपल्याला कामगार कायदा लागूच नाही, असं मोंढ्यातले मित्र म्हणायलेत. सीए म्हणतात, राज्य विमा घ्यावाच लागतो. वरून नोव्हेंबरपासून केंद्राच्या नवीन कामगार संहिता. दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलतं. वेगळा माणूस ठेवण्याइतका आपला धंदा नाही. नेमकं करायचं काय?"

मी बावीस वर्षं मराठवाड्यात कामगार कायद्यांच्या सल्ल्याचं काम करतो. माझी बहुतेक आस्थापनं तुमच्यासारखीच, पाच ते पन्नास माणसांची. सीए बरोबर आहेत, मित्रांनी ऐकलंय तेही खोटं नाही. फक्त ते एका कायद्याबद्दल आहे. वीस हा आकडा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यातला. बाकीच्या कायद्यांना आपापले आकडे आहेत आणि ते या दुरुस्तीने हललेले नाहीत.

तुमची खरी अडचण मला कायदा बदलण्याची वाटत नाही. बदल वर्षाकाठी दोन-तीनच असतात आणि ते एका पानात मावतात. अडचण अशी, की बदल कुठे लावायचा ते कळायला आधी आपल्याकडे कोण, कधीपासून, किती पगारावर आहे हे कागदावर लागतं. छोट्या दुकानात ते मालकाच्या डोक्यात असतं, नाहीतर गल्ल्याखालच्या लाल वहीत.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो, कारण दोन-तीन गोष्टींवर उत्तर पालटतं. पहिली, पॅकिंग. यंत्रावर सफाई, दळण, पॅकिंग होत असेल तर ती उत्पादन प्रक्रिया ठरू शकते आणि मग दुकान की कारखाना हा प्रश्न येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज वापरून दहा माणसं असली की कारखाना धरत. नव्या संहितेत तो आकडा वीस आहे. तुमच्या मागच्या बाजूला पाचच जणी आहेत, म्हणून मी तुम्हाला दुकान धरूनच पुढं लिहितोय. दुसरी, जागा. लातूर महानगरपालिकेत असाल तर किमान वेतनाचं परिमंडळ (ज्यावर दर ठरतो तो विभाग) एक लागतं, औशाला किंवा निलंग्याला असाल तर वेगळं. जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा तिथल्या दुकानदारांना मी पहिलं हेच सांगितलं होतं, की आपलं परिमंडळ पुन्हा तपासून घ्या. तिसरी, हमाल. त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, पण ठोक दुकान म्हटलं की पोती उतरणारच. त्यावर पुढे येतो.

आता आकडे. यांना मी पायऱ्या म्हणतो, कारण माणसं वाढतात तसं एकेक वर चढत जावं लागतं.

पहिल्या माणसापासून किमान वेतन लागू. पूर्वी ते अनुसूचीतल्या उद्योगांपुरतं होतं. वेतन संहितेने सगळ्यांनाच लावलं आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हेही पहिल्या माणसापासून. व्यवसाय कराला माणसांचा आकडा नाही, पगाराचा आहे: पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. बायकांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तुमच्या पाचही जणी या सवलतीत बसत असणार. एवढी वर्षं कापत आलो म्हणून आजही बायकांचे २०० रुपये कापणारी दुकानं मला भेटतात. मुनिमाला आजच विचारून घ्या.

पाच माणसांवर महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा. २०२४ पासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. तुमच्या चौदा माणसांचे सहामाहीला १,४०० रुपये होतात. १५ जुलै आणि १५ जानेवारीच्या आत भरायचे. रक्कम इतकी छोटी, की लोक विसरतात. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, हे मात्र माणसांना कुणी सांगत नाही.

दहा ही तुमची खरी पायरी, आणि ती तुम्ही कधीच ओलांडली आहे. दहावर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. दहावर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. दहावर प्रसूती लाभ. दहावर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती, २०१३ च्या कायद्याप्रमाणे. ही समिती म्हणजे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण, असं आपल्याकडे समजतात. पाच बायका काम करतात त्या दुकानात ती नसली तर दंड पन्नास हजारांपर्यंत जातो. दंड बाजूला ठेवला, तरी त्या बाईला बोलायला एक जागा हवी की नको? अध्यक्ष स्त्री हवी, निम्मे सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक जण बाहेरचा हवा. लातुरात त्यासाठी एखाद्या महिला संस्थेतल्या ताई किंवा वकील सहज मिळतील.

विसावर भविष्य निर्वाह निधी आणि कायद्याचा बोनस. दोन्ही तुम्हाला आज लागू नाहीत. दिवाळीला तुम्ही जे देता ते जरूर द्या, फक्त सही घेऊन द्या. आणि याच विसावर, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, दुकाने अधिनियमाची पूर्ण नोंदणी आली. विसाच्या खाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. म्हणजे तुमच्या मित्रांनी ऐकलेल्या बातमीने तुमचं नोंदणीचं आणि त्या कायद्यातल्या नोंदवह्यांचं ओझं हलकं झालं. ईएसआय, ग्रॅच्युइटी, समिती, किमान वेतन यांतलं काहीच गेलेलं नाही. पाटीही गेलेली नाही. मराठी देवनागरी नामफलकाची सक्ती २०२२ पासून छोट्यातल्या छोट्या दुकानाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली.

माणसं मोजायची कशी, यावर माझ्याकडे सगळ्यात जास्त वाद होतात. टेम्पोचा चालक धरायचा. रोजंदारीवरचा धरायचा. ठेकेदारामार्फत आलेला साफसफाईवालाही बहुतेक कायद्यांत धरतात. घरचा भाऊ पगार घेत असेल तर तोही. आणि आजचा आकडा बघून भागत नाही. आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीला माणसं जातात आणि दुकानातली संख्या दोन-तीनने घटते. मग मालक म्हणतो, आता आम्ही नऊच आहोत. पण वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी दहा झाले की पायरी चढली. ग्रॅच्युइटी आणि ईएसआय एकदा लागू झाले की माणसं कमी झाली म्हणून सुटत नाहीत. निर्वाह निधीचंही तसंच.

दुसरी एक वाट लोक सुचवतात, ती तुम्हालाही कुणीतरी सुचवलीच असेल: बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढा, सात इकडं, सात तिकडं. माझा याला स्पष्ट विरोध आहे. एकच जागा, एकच मुनीम, सकाळी इकडं आणि दुपारी तिकडं काम करणारी तीच माणसं, एकाच खात्यातून फिरणारा पैसा: हे बघायला अधिकाऱ्याला दहा मिनिटं पुरतात. निर्वाह निधीच्या कायद्यात तर शाखाही एकच आस्थापना धरतात. उद्या तुम्ही उदगीरला सात माणसांचं दुकान काढलंत तर तुम्ही एकवीस झालात. मग मागच्या तारखेपासूनची रक्कम, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, वर नुकसानभरपाई. आणि कामगाराचा मागचा वाटा तेव्हा त्याच्या पगारातून कापताही येत नाही, तोही मालकाच्याच खिशातून जातो.

आता बदलांकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत मिळवले. दुकाने अधिनियम राज्याचा, तो वेगळा उभाच आहे. चौदा माणसांच्या दुकानाला त्या हजारो ओळींमधून प्रत्यक्ष लागतात अशा तीन गोष्टी मला दिसतात.

एक, नेमणूक पत्र. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला लेखी नेमणूक पत्र द्यायचं. जुन्या माणसांनाही द्यायचं. "पंधरा वर्षं झाली, आता त्याला काय पत्र देता?" असं म्हणू नका. त्याच्याच पत्राची गरज जास्त, कारण त्याची रुजू तारीख आज कुठेही लिहिलेली नसते आणि ग्रॅच्युइटी तिच्यावरच मोजतात. तुमचा मुनीम समजा बारा वर्षं आहे आणि हिशोबाला धरायचं वेतन १८,००० आहे. वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून: १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १२, म्हणजे १,२४,६१५ रुपये. ही रक्कम तो गेल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यायची आहे. आजपासून बाजूला काढायला लागलात तर जड जात नाही; तो गेल्यावर कळलं तर दुकानाचा एक महिना बसतो.

दोन, वेतनाची व्याख्या. एकूण पगारातले भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच धरायचा. उदाहरण घेऊ. १६,००० पगारात मूळ वेतन ६,००० आणि बाकी १०,००० घरभाडं, प्रवास वगैरे नावांनी लिहिलेत. निम्मे ८,०००. त्यावरचे २,००० परत वेतनात येणार, म्हणजे ग्रॅच्युइटी वगैरेंचा हिशोब ६,००० वर नाही, ८,००० वर. छोट्या दुकानदाराला माझा सल्ला याहून सरळ आहे. भत्त्यांची फोड करूच नका. किमान वेतनाचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता हे दोन रकाने ठेवा. वर काही देत असाल तर तिसरा. ज्या पगारपत्रकात आठ रकाने असतात तिथेच चुका होतात.

तीन, हिशोब चुकता करणं. माणूस स्वतः सोडून जावो की तुम्ही काढा, त्याचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. "पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या पगाराबरोबर ये", हे आता चालत नाही.

राज्याच्या दुरुस्तीत दुकानांसाठी रोजचे कामाचे तास नवावरून दहा केले आहेत आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर नेली आहे. यातही एक गैरसमज पसरला आहे. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत. दहा तास रोज सहा दिवस केले तर साठ होतात, म्हणजे वरचे बारा तास दुप्पट दराने. दिवाळीच्या आधी पॅकिंगला बायका रात्री उशिरापर्यंत बसतात, तिथे हे लावून बघा. साडेनवानंतर थांबायचं असेल तर त्यांची लेखी संमती आणि घरापर्यंत पोहोचवायची सोय हवी. पूर्ण कायदा तुम्हाला लागो न लागो, टेम्पो त्यांना घरी सोडायला जाऊ द्या.

ईएसआयबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी जोखीम तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या गोदामात थप्पी कोसळली. पन्नास किलोची पोती, चौदा थर. खाली तीस वर्षांचा एक पोरगा होता, तो वाचला नाही. मालक माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आला. भला माणूस, दवाखान्याचा सगळा खर्च त्याने न मागता केला होता. त्याच्याकडे बारा माणसं होती आणि "आपल्याकडं कोण बघायलंय" म्हणून ईएसआय घेतलेलं नव्हतं. ईएसआय असतं तर त्या पोराच्या बायकोला आणि लेकरांना विमा महामंडळाकडून दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम सुरू झाली असती, आणि मालकावर वेगळा बोजा आला नसता. ते नव्हतं, म्हणून नुकसानभरपाई मालकाच्या डोक्यावर आली. मृत्यूच्या प्रकरणात ती अशी मोजतात: महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. वय तीसला गुणक २०७.९८ आहे. पगार १४,००० धरला तर ७,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,५५,८६० रुपये. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि वर दंड निम्म्यापर्यंत. त्या मालकाने रस्त्याकडेचा प्लॉट विकला. त्या बाईच्या हाती एकरकमी पैसा आला आणि तो किती दिवस तिच्या हाती राहिला, हे मी पुढे ऐकलं. ते लिहिण्यासारखं नाही.

आता दुसऱ्या बाजूचा खर्च बघा. २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. १४,००० वर तुमचे ४५५ रुपये, त्याचे १०५. चौदाही माणसं याच पगारावर धरली तर तुमचे महिन्याला ६,३७०. मुनिमाचा आणि चालकांचा पगार वेगळा असेल तर थोडं इकडंतिकडं. पॅकिंगच्या बायकांपैकी कुणी बाळंत झाली तर २६ आठवड्यांचा पगार महामंडळ देतं. ईएसआय नसेल तर तो तुम्ही द्यायचा. माणसं सुरुवातीला कुरकुर करतात, "आमचे १०५ कशाला कापता?" तेव्हा मी दुकानात जाऊन त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलतो. घरच्यांची नावं कार्डावर येतात, आईबापही बसतात, हे कळलं की कुरकुर थांबते. तुमच्या सल्लागाराला हे करायला लावा. त्याच्या फीमध्येच ते यायला हवं.

एक सूचना सीएंनी दिली असेल, तरी सांगतो. पगारातून कापलेला कामगाराचा वाटा १५ तारखेच्या आत भरला नाही, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात तो खर्च म्हणून धरला जात नसे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. कापलेला पैसा आपला नसतो. तो धंद्यात दोन दिवससुद्धा फिरवू नका.

आता त्या लाल वहीकडे. आपल्या भागात पगारापेक्षा उचल महत्त्वाची. पोळ्याला हजार, पेरणीला पाच, पोरीच्या लग्नाला चाळीस. मालक देतो, वहीत एक ओळ लिहितो आणि मग दर महिन्याला कापतो. यात वाईट काही नाही, उलट बँकेच्या दारात उभं राहू न शकणाऱ्या माणसाला हाच आधार असतो. पण कागदावर काय दिसतं? मागच्या वर्षी मी एक वही उघडली. एका माणसापुढे लिहिलं होतं: "आषाढ, बाकी ३१, दिले ६." सहा म्हणजे सहा हजार. पगार पंधरा, उचलीपोटी नऊ कापले. वहीत पंधराचा उल्लेखच नाही. तक्रार झाली असती तर अधिकाऱ्याला दिसलं असतं, की मालक सहा हजार पगार देतो, म्हणजे किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी. शिवाय एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही, आणि नऊ हे पंधराच्या निम्म्याहून जास्त आहेत. मालकाने कुणाला फसवलेलं नव्हतं, तरी कागद त्याच्या विरुद्ध बोलत होता.

म्हणून उचलीची रीत अशी ठेवा. पूर्ण पगार पगारपत्रकात लिहा. उचल वेगळ्या वहीत तारखेसह लिहा, समोर त्याची सही घ्या, महिन्याला किती कापायचे तेही तिथेच दोघांच्या संमतीने ठरवा. उचल देताना बँकेतून द्या. पगारही खात्यातच द्या. पगाराची चिठ्ठी द्या, छापील नसली तरी चालेल. काहींना मी मोबाइलवर फोटो पाठवायची सवय लावली आहे.

हमाल. ठोक बाजारातल्या माथाडी कामाला महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे. तिथे माणसांचा आकडा बघत नाहीत, कामाचं स्वरूप बघतात. माथाडी मंडळाची योजना तुमच्या बाजाराला आणि कामाला लागू असेल तर मालकाने नोंदणी करायची, हमालांची मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरायची. तुमच्याकडे पोती उतरणारे लोक टोळीने येतात की तुमच्याच दुकानातली पोरं उतरतात, यावर सगळं आहे. टोळी असेल तर मुकादमाला विचारा, त्यांची नोंद आहे का. दुकानातली पोरं उतरत असतील तर ती चौदातच आहेत.

आता मूळ प्रश्न: बदलांच्या मागे धावायचं कसं? माझ्या ऑफिसच्या भिंतीवर एकच कागद आहे. महिन्याच्या ७ ला पगार, १५ ला ईएसआय, शेवटी व्यवसाय कर. १ जानेवारी आणि १ जुलैला किमान वेतनाचा विशेष भत्ता बदलतो. अधिसूचना कधीकधी उशिरा येते, तेव्हा आधीच्या महिन्यांचा फरक जोडून द्यावा लागतो. म्हणून मी या दोन महिन्यांत दर सोमवारी कामगार आयुक्तालयाचं संकेतस्थळ बघतो. जानेवारी आणि जुलैत कल्याण निधी. ३१ जानेवारीच्या आसपास अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल. ३० जूनला तुमचा स्वतःचा अडीच हजारांचा व्यवसाय कर. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, सगळी माणसं नव्याने मोजायची आणि पायरी बदलली का बघायचं. त्याच दिवशी पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या ठरवायच्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि माणसांशी बोलून आणखी चार. मराठवाड्यात त्या चारांत मी १७ सप्टेंबर (मुक्तिसंग्राम दिन) आणि पोळा आग्रहाने घालायला लावतो. पोळ्याला माणूस गावी जाणारच. सुट्टी दिली की तो सांगून जातो.

हे सगळं मुनिमाला महिन्याला दीड दिवसाचं काम आहे. बाहेरचा सल्लागार घ्यायचा तर घ्या, पण चलनाच्या प्रती तुमच्याकडे हव्यात आणि पासवर्डही तुमच्याकडे. सल्लागार पैसे घेऊन भरत नव्हता, हे तीन वर्षांनी कळलेली दुकानं मी बघितली आहेत.

मागचं राहिलेलं असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून ईएसआय राहिलेलं दिसतं, तर नोटीस यायची वाट बघू नका. ज्या तारखेला माणसं दहा झाली ती खरी तारीख शोधा, आणि त्या तारखेवर सल्लागाराशी मोकळेपणाने बोला. आपणहून गेलेल्या माणसाशी अधिकाऱ्याचं बोलणं वेगळं असतं, हा माझा अनुभव आहे. खोटी रुजू तारीख मात्र घालू नका. त्या माणसाची ग्रॅच्युइटी तिच्यावर आहे, आणि तो तुमच्याकडे कधीपासून आहे हे अख्ख्या गोलाईला माहीत असतं.

सुरुवात कुठून, असं विचाराल तर पॅकिंगच्या पाच जणींपासून करा. त्यांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं मागवा आणि नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच, असं निम्म्या जणींचं निघेल. ईएसआयच्या नोंदणीत नेमकी हीच गाठ अडते, आणि ऐन बाळंतपणाच्या वेळी सुटत नाही. आधार केंद्रावर जायला त्यांना एक दिवस भरपगारी रजा द्या. नावं जुळली की मला परत लिहा, पुढचे फॉर्म कोणत्या क्रमाने भरायचे ते तुमच्या आकड्यांवरून सांगतो.